५८व्या वर्षी कयाक घेऊन खाडीत गरवायला जायचंय, मुंबईत कोणी जातं का?

खारेपाटचा_पोर:

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. वय ५८, राहायला बोरिवली, मार्चमध्ये बँकेतून व्हीआरएस घेतली. मूळ गाव पेण आणि अलिबागच्या मधल्या खारेपाटातलं. लहानपणी बाबा रात्रीचे उघाडीवर (खारजमिनीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचे आणि मला कंदील धरायला सोबत न्यायचे. उघाडीतून पाणी सुटलं की तिथे जो खळखळाट व्हायचा त्यात जिताडा मासा येऊन उभा राहतो असं ते सांगायचे, आणि खरंच यायचा. एकदा एवढा मोठा लागला की दोर त्यांच्या तर्जनीत रुतला, हाडापर्यंत. तो व्रण शेवटपर्यंत होता, जेवताना भात कालवायला लागले की मला तो दिसायचा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी मुंबईला नोकरीला आलो आणि त्यानंतर ३५ वर्षं गरी हातात घेतली नाही.

गेल्या डिसेंबरात मार्वेच्या जेट्टीवर फेरीची वाट बघत उभा होतो तेव्हा खाडीतून एक पिवळी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, येताना दिसली. वर बसलेला माणूस चांगला साठीचा, केस पांढरेशुभ्र, मागे दोन रॉड उभे. जेट्टीच्या बाजूला वाळूत कयाक लावली, उतरला, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून नुसता पाण्याकडे बघत उभा राहिला. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये. कयाकवरून मासेमारीचे व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले पण ते सगळे ऑस्ट्रेलिया नाहीतर अमेरिकेतले, तिथलं पाणी काचेसारखं आणि आपली खाडी तुम्हाला माहीतच आहे.

आता माझी परिस्थिती सांगतो. पोहता येतं, पण गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं, समुद्रात कधी पोहलो नाही. वजन ८४. शुगर बॉर्डरच्या जरा वर, एक गोळी चालू आहे. उजवा गुडघा कुरकुर करतो. चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट छोटी, गाडी छोटी हॅचबॅक. बायकोचा विरोध नाही पण तिने एकच विचारलं, तू परत कसा येणार ते मला नीट सांग मग जा. आणि मला ते सांगता आलं नाही, म्हणून इथे विचारतोय. या वयात सुरू करणं शक्य आहे का, कयाक कुठली घ्यावी, ठेवावी कुठे, आणि मुंबईत सुरुवात कुठून करावी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

मनोरीवाला:

काका शक्य आहे. मी पंचावन्नाव्या वर्षी सुरू केलं, आता ६३ चालू आहे, आठ सीझन झाले. तुम्ही बघितलेला मी नव्हे, माझी कयाक हिरवी आहे, पण तो कमरेवर हात ठेवून बघत उभं राहणारा प्रकार आम्हा सगळ्यांचाच, तेवढ्यात पाठ सरळ होते.

वहिनींनी विचारलेला प्रश्न सगळ्यात पहिला, बाकी रॉड, रील, कयाक सगळं त्यानंतर. परत येण्याचा हिशोब भरती-ओहोटीवर असतो, दंडातल्या ताकदीवर नाही. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) साडेचार मीटरपर्यंत पाणी चढतं आणि तेवढंच उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपास) हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. बरं हे पाणी सहा तासांत सारखं सारखं चढत नाही. बारा भाग धरा, पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, उधाणाला त्या दोन तासांत सव्वादोन मीटर, उभा माणूस बुडेल एवढं. त्या वेळी खाडीच्या तोंडाशी तुम्ही वल्हवताय असं तुम्हाला वाटतं आणि काठावरचं तिवराचं झाड बघितलं तर ते आहे तिथेच. मी पंधरा मिनिटं एका झाडासमोर घालवलीयेत, घशाला कोरड पडली होती.

त्यामुळे दिवस निवडायचा. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. पाचदहा मिनिटं इकडेतिकडे होतं म्हणून मोबाईलवर टाइड टेबल बघतोच मी, पण कॅलेंडरवर नजर टाकली की महिनाभराचे दिवस आधीच कळतात. माझे दिवस दशमी ते द्वादशी, दोन्ही पक्षांतले. भांगाचं पाणी सरत आलेलं असतं, उधाण अजून लागलेलं नसतं. मार्वेहून भरतीला आत शिरायचं, पाणीच तुम्हाला मनोरी-गोराईच्या बाजूला तिवरांत घेऊन जातं, पूर्ण भरतीला अर्धा तास पाणी उभं राहतं तेव्हा मनसोक्त गरवायचं, आणि ओहोटी लागली की लगेच तिच्याबरोबर परत. जातानाही पाणी आपल्या बाजूने आणि येतानाही. हे वहिनींना कागदावर काढून दाखवा.

आणि ओहोटी लागली की लगेच म्हणजे लगेच. दुसऱ्या सीझनला मी खाडीच्या एका फाट्यात शिरलो होतो, मासा लागत होता, म्हटलं अजून दहा मिनिटं. मान वर करून बघतो तर मागे पाण्याची रेघ उरलेली आणि कयाक चिखलाला चिकटलेली. उतरायला एक पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला, दोन्ही हातांनी कयाकची कड धरून तो बाहेर काढला, सँडल आतच राहिली. मग साडेचार तास तसाच बसून. सगळीकडे राखाडी चिखल, त्याला उन्हाने भेगा पडायला लागलेल्या, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) दोन हातांवर येऊन डोळे वर काढून माझ्याकडे बघतायत, आणि माझ्याजवळ अर्धी बाटली पाणी. मनोरीची फेरी लांबून दिसत होती पण हाक पोचत नव्हती. संध्याकाळी भरती आली, आधी कयाकखाली बुडबुडे वाजले, मग ती हळूच हलली, तो आवाज मला आजही आठवतो. तेव्हापासून तीन लिटर पाणी, शिटी आणि हेडलॅम्प कयाकमध्ये कायम.

आता कयाक. उघडी घ्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप. आत पाय घालून बसायची ती नको, उलटली की पाण्याने भरते आणि समुद्रात एकट्याने रिकामी करणं आपल्याला जमणार नाही. उघडीला तळातून आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं. दहा ते बारा फूट लांबी, रुंदीला तीस इंचांच्या वर असली की स्थिर. माझी साडेदहा फुटी, २७ किलो, सेकंडहँड ३२ हजाराला मिळाली. पायाने पेडल मारायच्या येतात, हात मोकळे राहतात म्हणून गरवायला फार सोयीच्या, पण किंमत लाखाच्या बरीच वर जाते, सगळं सामान धरून वजन पन्नासच्या आसपास, आणि तिवराच्या मुळांत पेडलचे पंखे अडकतात. दोन सीझन वल्ह्यावर काढा मग ठरवा.

लिफ्टचा प्रश्न सगळ्यांचाच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली तर सहा महिने मीटिंगमध्ये तोच विषय चालतो. मी मार्वेजवळ एका ओळखीच्या घराच्या पडवीत ठेवतो, महिन्याला थोडे पैसे देतो, त्यांचा मुलगा ती उचलायलाही हात लावतो. गाडीवर चढवणं-उतरवणं वाचलं की अर्धं काम झालं, आपल्या वयात कंबर पाण्यात नाही तर गाडीच्या टपाशी जाते. तिथून पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांची ट्रॉली, वाळूत फुगऱ्या चाकांचीच चालते.

शेवटचं पण सगळ्यात जरुरी. रॉडला हात लावायच्या आधी उलटून परत चढायला शिका. छातीएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, कोणीतरी काठावर उभं ठेवून, मुद्दाम उलटा. कयाक सरळ करायची, मधोमध तिची कड धरायची, पाय पाण्यावर आडवे येतील असे मारायचे आणि पोट कयाकवर ओढून घ्यायचं. मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये, आणि पाय सगळ्यात शेवटी. घाई करून गुडघा टेकवायला गेलात की परत उलटते. लागोपाठ दहा वेळा जमेपर्यंत खाडीत जाऊ नका.

वेसावकर:

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी चार गोष्टी घालतो. आमची चौथी पिढी दर्यावर, बोट आहे, डोल आहे.

डोल म्हणजे काय ते मासे खाणाऱ्या निम्म्या मुंबईला माहीत नसतं म्हणून सांगतो. बोंबील, जवळा ज्यात येतो ते पिशवीसारखं लांब जाळं, पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, तोंड वाहत्या पाण्याकडे. पाणी जितकं जोरात तितकं ते ताठ. खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर त्याचे दोर पाण्याच्या जरा खाली ताणलेले असतात, वरून दिसत नाहीत, फक्त तरंगणारी बोय नाहीतर खुंटाचं टोक दिसतं. मोटारवाल्या बोटीला ते टाळता येतं, वल्हं मारणारा माणूस प्रवाहाबरोबर आडवा त्यावर जाऊन लागतो. आणि लागला की त्याचं अंग आपोआप खुंटापासून मागे झुकतं, म्हणजे ज्या बाजूने पाणी येतंय त्या बाजूला. तिथेच घात होतो, पाणी कड दाबतं आणि होडी क्षणात पालथी. लागलातच तर खुंटाकडे झुका, मिठी मारा त्याला, आणि हाताने सरकत सरकत बाहेर निघा. पण मुळात खुंट दिसले की प्रवाहाच्या वरच्या अंगाला जायचंच नाही. जाळ्याजवळ गळ टाकू नका, तो गळ आमच्या जाळ्यात राहतो आणि जाळं उपसताना आईच्या हातात घुसतो. माझ्या आईच्या घुसलाय.

दुसरं, नांगर. कयाकचा नांगर कधीही बाजूला बांधू नका, पुढच्या नाहीतर मागच्या टोकालाच, आणि गाठ एका झटक्यात सुटेल अशी. सुरी जॅकेटला लावलेली हवी. पहिलं वर्ष तर नांगर घरीच ठेवा.

तिसरं, वारा. थंडीत पहाटे मतलई असते, जमिनीवरून दर्याकडे. किनाऱ्यावर उभं राहून बघाल तर पाणी अगदी गुळगुळीत दिसतं, कारण वारा तुमच्या पाठीमागून येतोय. त्यालाच नवीन माणूस फसतो, बाहेर जाणं सोपं वाटतं आणि वळल्यावर कळतं. त्यात ओहोटी असली तर दोन्ही मिळून बाहेर ओढतात. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटतो तो किनाऱ्याकडे आणतो पण लाटा घेऊन येतो. म्हणून पहिला सीझन खाडीच्या आतच, तोंडाबाहेर नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत बरे दिवस, एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा तुम्हाला झेपणार नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी यांत्रिक बोटींना असते, कयाकला मोटार नाही म्हणून आम्हाला लागू नाही असा कीस काढणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. त्या दिवसांत आमच्या मोठ्या बोटीसुद्धा ओढून वर ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो त्यानंतरही आम्ही पाणी बसायची वाट बघतो.

चौथं म्हणजे ओळख. २००८ ला ते अतिरेकी कफ परेडच्या मच्छिमार नगरला उतरले तेव्हा पहिल्यांदा हटकलं ते कोळ्यांनीच. तेव्हापासून अनोळखी माणूस अनोळखी होडीतून उतरताना दिसला की कोणीतरी फोन करणारच, आणि करायलाच पाहिजे. तुम्ही आधी जिथून निघणार त्या कोळीवाड्यात जा, चहा घ्या, कुठे राहता काय करता सांगा, सागरी पोलिसांच्या चौकीत जाऊन विचारा कुठे चालतं कुठे नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. नेव्ही आणि बंदराच्या बाजूला तर फिरकूच नका. एकदा ओळख झाली की तुम्ही दिसला नाहीत तर आमचीच पोरं चौकशी करतील. १०९३ सागरी पोलीस आणि १५५४ कोस्ट गार्ड, हे दोन नंबर पाठ करा, फोन भिजला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता आले पाहिजेत.

गिरगावकर:

माझं मत वेगळं आहे. ५८ व्या वर्षी शुगर असताना एवढा खटाटोप कशाला. खडकावरून गरवा नाहीतर चारजण मिळून कोळ्याची बोट भाड्याने घ्या, तो माणूस तुम्हाला नेमका मासा असेल तिथे नेतो, पाणी त्याला कळतं, तुम्ही आरामात बसा. मी वीस वर्षं हेच करतोय, मासा भरपूर मिळतो. काळजीपोटी लिहितोय, राग नसावा.

खारेपाटचा_पोर:

गिरगावकर, राग कसला, बोटीचं मी पण धरून होतो. पण मासा मिळावा एवढंच नाहीये मनात. बाबा उघाडीवर उभे असायचे तेव्हा पाणी त्यांच्या घोट्याला लागायचं, आवाजावरून ते ओळखायचे आता सुटेल आता थांबेल. मला ते पाणी तेवढ्याच जवळून परत बघायचंय, मोटारच्या आवाजात ते होत नाही. खडकावर मात्र गुडघा साथ देणार नाही, शेवाळावर एकदा घसरलोय.

वेसावकरदादा, आईंचा हात आता बरा आहे ना? जाळ्याजवळ गळ टाकणार नाही, शब्द देतो.

फिजिओताई_दादर:

काका, तुमच्या वयाचे बरेच पेशंट रोज बघते म्हणून लिहिते. खरं तर शेवाळ्याच्या खडकापेक्षा कयाकवर गुडघ्याला आराम आहे, तिथे त्रास होतो तो खांद्याला आणि कंबरेला. पन्नाशीनंतर खांद्याच्या आतले स्नायुबंध आधीच झिजलेले असतात आणि लोक वल्हं दंडाने ओढतात, दोन महिन्यांत हात वर करून शर्ट घालता येत नाही. वल्हं धडाने मारायचं, ज्या बाजूला वल्हं पाण्यात जाईल त्या बाजूचा पाय पुढच्या टेकूवर दाबायचा आणि छाती वळवायची, हात जवळपास सरळच. वरचा हात डोळ्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. माशाला झटका देताना आणि रॉड फेकतानाही कोपर अंगाजवळ.

घरी एक चाचणी करा. जमिनीवर पाय सरळ करून भिंतीला पाठ लावून वीस मिनिटं बसा. मांडीच्या मागचे स्नायू ओढले जाऊन तुम्ही पुढे घसरायला लागलात किंवा पायाला मुंग्या आल्या तर सहा आठवडे आधी त्यावर काम करा. दोन तास कयाकवर बसून जेट्टीवर एकदम उभं राहिलात की पाय बधिर आणि डोक्यात चक्कर, पडण्याचे बरेच प्रसंग तिथेच घडतात. बीपीची गोळी असेल तर अजूनच. उतरायच्या आधी पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून मिनिटभर बसा.

शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी जाऊ नका, कुठली गोळी आहे ते सांगून डॉक्टरांशी आधी बोला, आणि ग्लुकोज जॅकेटच्या खिशात ठेवा, कयाकच्या डब्यात नको कारण कयाक हातची सुटू शकते. पायात बंद बूट हवेतच, सँडल नाही. आपल्या खाडीत खडकांवर आणि जेट्टीच्या पायऱ्यांवर कालवं असतात, ब्लेडसारखी कापतात, आणि उबदार खाऱ्या पाण्यातल्या जंतूंनी मधुमेह असलेल्यांची जखम एका रात्रीत चिघळू शकते. कापलं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि लाल होऊन पसरायला लागलं तर सकाळची वाट बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते बघा.

आणि शिंगाळा माशाचा काटा लागला, पाखट माशाचा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर तो हात किंवा पाय बुडवून ठेवायचा, कळ बरीच उतरते, आणि पाखटाचा असेल तर त्यानंतर दवाखाना गाठायचाच. फक्त पायाची संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कोणालातरी बघू दे, तुम्हाला भाजलेलं कळणार नाही.

मालाडची_लेक:

माझे बाबा ६६ वर्षांचे, चार वर्षं झाली कयाकवर जातात. आई नाही, त्यामुळे घरी वाट बघणारी मीच. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद असतो. कुठून निघाले, कुठल्या फाट्यापर्यंत जाणार, कयाकचा आणि जॅकेटचा रंग, किती वाजता जेट्टीवर पोचणार, आणि त्यानंतर पाऊण तासाने फोन आला नाही तर मी कोणाला फोन करायचा. एकदा ते चाळीस मिनिटं उशिरा आले, मासा लागला होता म्हणून. मी काही बोलले नाही, फक्त कागद दाखवला, त्यावर मी १०९३ लिहून फोन हातात घेऊन बसले होते. त्यानंतर एकदाही उशीर नाही.

काकूंसाठी सांगते, पहिल्या दोन-तीन वेळा त्यांना बरोबर जेट्टीवर घेऊन या. मला पाणी दिसलं, बाबा कुठून वळतात ते दिसलं, मग घरी बसून डोळ्यांसमोर काहीतरी असतं. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात आणि पाऊच जॅकेटच्या आत. जॅकेट फोमचंच घ्या, भडक केशरी, घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायच्या, हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे.

मनोरीवाला:

लेकी, तुझा तो कागद मीही उद्यापासून लावतो. काका, सामानाचं राहिलं होतं. साडेसहा-सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, ३००० किंवा ४००० साइजचं रील, वीस-तीस पाउंडाची ब्रेड (विणलेला दोर) आणि पुढे गळाजवळ चाळीस पाउंडाचा जाड लीडर. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, बारीक लीडर तिथेच तुटतो. त्याच कारणाने कल्ल्यात बोटं घालून उचलायचा नाही, पक्कडीने ओठ धरायचा. आमिषाला जिवंत कोळंबी, नाहीतर जिगहेडवर (वजनदार डोक्याचा गळ) रबरी मासा. रॉड, वल्हं, पक्कड सगळं दोरीने कयाकला बांधलेलं, बांधलं नाही ते दर्याचं. दोऱ्या मात्र आखूड, लांब असल्या की उलटल्यावर पायात गुंततात. तळहाताहून लहान मासा परत सोडा, मी वीतभराच्या तांबोशासुद्धा सोडतो. आणि माहीमच्या खाडीतला मी खात नाही, मिठी नदीचं पाणी येतं तिथे.

खारेपाटचा_पोर:

मंडळी, चार महिन्यांनी परत आलोय, सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आधी चाचणी केली, अकराव्या मिनिटाला उजव्या पायाला मुंग्या. दोन महिने रोज सकाळी ताईंनी सांगितलं तसं, तीन किलो वजनही उतरलं. डॉक्टरांनी गोळी नाश्त्यानंतरची करून दिली. कयाक घेतली अकरा फुटी, केशरी, सेकंडहँड, आणि मार्वेला एका मावशींच्या अंगणात ठेवायला जागा मिळाली. त्यांच्या मिस्टरांनी चहा पाजला आणि मग अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली, वेसावकरदादा तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, मी तयारीत होतो. चौकीतही जाऊन आलो.

उलटून चढायचा सराव छातीएवढ्या पाण्यात. पहिल्या दिवशी सात वेळा प्रयत्न, सातही वेळा पोट कडेपर्यंत यायचं आणि परत घसरायचं. बायको काठावर उभी होती, तिने बघून सांगितलं तुझे पाय खाली लोंबतायत, ते आधी वर आण. तिचं बरोबर होतं. आठव्यांदा चढलो. तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ दहा झाले, त्यानंतरच रॉड विकत घेतला.

पहिला दिवस ठरवताना कॅलेंडर घेऊन दोघं बसलो. मी म्हटलं एकादशीला सव्वाआठची भरती, बेस्ट आहे. ती म्हणाली एकादशीला घरात मासा येणार नाही. मग द्वादशी ठरली, नऊची भरती. फ्रिजवर कागद लावला, सात वाजता निघणार, साडेदहाला जेट्टीवर, सव्वाअकराला १०९३.

सातला नुकतं उजाडलं होतं. पाण्यावर धुकं होतं. वल्हं चार वेळा मारलं आणि मग थांबलो, तरी कयाक आत जातच होती, पाणी नेत होतं. तिवरांच्या जवळ गेलो तर मुळांमधून पाणी चढताना बारीक चुटचुट आवाज येत होता, खेकडे वर सरकत होते, आणि मला एकदम कंदिलाच्या काचेचा तापलेला वास आला. कुठून आला माहीत नाही. थोडा वेळ रॉडला हातच लावला नाही.

मग दोन शिंगाळे लागले, पक्कडीने काटे सांभाळून सोडले. नऊच्या जरा आधी पाणी उभं राहिलं, पान टाकलं तर जागच्या जागी फिरत राहील असं. एका पडलेल्या खोडाच्या बाजूला कोळंबी सोडली आणि रीलमधून दोर किर्र करत सुटला. कयाकचं तोंडच वळवलं त्याने, मी कुठे बघत होतो आणि कुठे गेलो. जिताडा, किलो-सव्वाकिलोचा असेल. कडेला आणला, डोळा लाल चमकला, ओठ धरून गळ काढला, आणि काय वाटलं कोण जाणे, पाण्यात तसाच धरून ठेवला, शेपटी हलली आणि हातातून गेला. ब्रेड बोटाला घासून तर्जनीवर एक बारीक रेघ उठलीये.

नऊ वीसला पाण्यावर बघितलं तर पान सरकायला लागलेलं. मनोरीवालादादांचा चिखल आठवला आणि वळलो. सव्वादहाला जेट्टी. ती पायऱ्यांवर बसली होती, घड्याळ बघत नव्हती, खाडीच्या त्या वळणाकडे बघत होती. पाय दोन्ही बाजूंना सोडून मिनिटभर बसलो मग उतरलो.

आता एक विचारायचंय. परतताना डाव्या बाजूला कयाक सारखी वळत होती, मी उजव्या हाताने जास्त जोर लावतोय का रॉड एकाच बाजूला ठेवल्यामुळे? आणि पुढच्या दशमीला साडेसातची भरती आहे, उजाडायला सात होतात, म्हणजे आत जायला अर्धाच तास मिळतो. जवळच्या पहिल्या फाट्यापर्यंत जाऊन यावं की त्या दिवशी सोडून द्यावं? मनोरीवालादादा, तुम्ही येणार असाल तर मी सव्वासहाला मावशींच्या अंगणात असेन.